जंगलकाठच्या गावात कुत्र्याने मांजर मारल्यावर

कुत्र्याने गल्लीतली मांजर धरली की लोक धावून येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'कुत्रा कोणाचा?' प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची पाळी उशिरा येते. मांजर खरोखर मेली आहे का, सोडवताना कोणाला दात किंवा नख लागले का आणि कुत्रा पिसाळलेला होता का, हे त्याआधी पाहायचे असते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत यात आणखी भर पडते. इथे कित्येक गावांत सांदवाडी, म्हणजे घरामागची वाडी, संपते तिथेच जंगल सुरू होते. त्यामुळे मारणारा कुत्राच होता की बिबट, आणि मेलेली मांजर घरची होती की रानातली, हेही ठरवावे लागते.

हे दोन्ही धानाचे जिल्हे. एचएमटी हा तांदळाचा वाण दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवला तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड या गावी. धान घरात आले की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. गल्लीतली मांजर कागदावर कोणाचीच नसते, पण ती चार घरांत दूध पिते आणि चार घरांच्या कणग्या राखते. म्हणून ती गेल्याचे दुःख आणि नुकसान दोन्ही खरे असते, आणि 'मांजरच तर होती' असे म्हणून ते उडवून लावणे बरे नव्हे.

मांजर हलत नसली तरी ती मेलीच असे समजू नये. कुत्रा तिला पाठीला, छातीला किंवा मानेला धरतो आणि जोराने झटकतो. मांजरीची कातडी सैल असल्यामुळे बाहेर दाताची दोन-चार बारीक भोकेच दिसतात. आत मात्र स्नायू फाटलेले, बरगड्या मोडलेल्या असू शकतात. कधी छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटून आतडी छातीत सरकतात. रक्ताचा थेंब नाही म्हणून मांजर बचावली असे धरून चालणारे लोक तिला दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात मेलेली पाहतात. हिरड्या पांढऱ्या पडणे, तोंड उघडून श्वास घेणे, मागचे पाय ओढत चालणे ही गंभीर जखमेची लक्षणे आहेत.

अशा मांजरीला उघड्या हातांनी उचलू नये. वेदनेने ती ओळखीच्या माणसालाही कडाडून चावते. जाड टॉवेल किंवा गोणपाट अंगावर टाकून, नाक मोकळे ठेवून, तिला गुंडाळावे आणि खोक्यात आडवे ठेवावे. तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. जखमेत चुना, मिरची, रॉकेल भरण्याची रीत अजून काही घरांत आहे. तिने जखम भाजते आणि जंतू मरत नाहीत. सर्वांत घातक चूक म्हणजे माणसाची वेदनाशामक गोळी देणे. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजरीच्या यकृतात जवळजवळ नसतेच, त्यामुळे एकच गोळी तिचा जीव घेऊ शकते. पशुवैद्यकीय दवाखाना दूर असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करता येते. कुत्र्याच्या दातांतले जंतू दोन-तीन दिवसांत जखमेत पू धरतात, म्हणून मांजर उठून चालू लागली तरी औषधोपचार टाळू नये.

मांजरीकडे धाव घेताना माणसाकडे दुर्लक्ष होते, आणि खरा धोका तिथेच असतो. झुंज सोडवताना पोटरीला दात लागतो, किंवा घाबरलेली मांजर मनगट ओरबाडते. जखम लहान असली तरी ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुतल्याशिवाय पंधरा मिनिटे किती मोठी असतात ते कळत नाही. नंतर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. रेबीजची लस स्नायूत दिली तर पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घेतात, आणि कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दात खोल घुसून रक्त आले असेल तर लसीच्या जोडीला जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, कारण लशीने शरीरात प्रतिकार तयार व्हायला काही दिवस जातात आणि तेवढा अवधी विषाणूला मिळू नये. कातडी शाबूत असताना एखाद्या मुलाचा मेलेल्या मांजरीला नुसता हात लागला, तर रेबीज होत नाही. अशा मुलाचे हात साबणाने धुवावेत आणि त्याला उगीच घाबरवू नये.

भामरागडसारख्या तालुक्यात या वेळापत्रकाला वेगळाच अर्थ येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की तिथला रस्ता बंद होतो. पुढच्या मात्रेच्या दिवशी पूर असेल असे दिसत असेल, तर रुग्णाने आधीच नदीच्या दवाखान्याकडच्या बाजूला नातेवाइकांकडे मुक्काम ठोकणे शहाणपणाचे. एखादी मात्रा चुकलीच, तर लस पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. उरलेल्या मात्रा लवकरात लवकर पूर्ण करतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही, म्हणून ही सगळी धडपड लक्षणांच्या आधी करायची असते.

कुत्रा पिसाळलेला होता का, हे त्याने मांजर मारली एवढ्यावरून ठरत नाही. निरोगी कुत्राही मांजर मारतो. पळणारी लहान वस्तू दिसली की पाठलाग करावा, धरावी, झटकावी हा त्याच्या रक्तातला क्रम आहे, आणि मांजर पळाली की तो क्रम सुरू होतो. झुंडीत तर एकाने सुरुवात केली की बाकीचे आपोआप सामील होतात. भाद्रपदाच्या सुमारास कुत्र्यांच्या टोळ्या गावभर फिरतात, तेव्हा असे प्रकार वाढतात. शंका घ्यावी ती वागणे बदललेले असेल तर. कुत्रा दिसेल त्याला, दगडाला आणि लाकडालाही चावत सुटला, आवाज बसला, जबडा लोंबून लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटू लागले, किंवा एरवी अंगावर येणारा कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात सुन्न पडून राहिला, तर तो रेबीज असू शकतो. यातला शेवटचा मुका प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. 'पिसाळलेला' या शब्दात धावणे-चावणे गृहीत धरलेले आहे, त्यामुळे गुपचूप पडलेला कुत्रा आजारी वाटतो आणि त्याच्या तोंडात हाडूक अडकले असेल म्हणून कोणी हात घालतो.

चावणारा कुत्रा सापडत असेल तर त्याला मारू नये, दहा दिवस नजरेखाली ठेवावे. रेबीजचा विषाणू लाळेत आला असेल, तर कुत्रा साधारण तेवढ्या अवधीत लक्षणे दाखवतो आणि मरतो. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. मारून टाकलेल्या कुत्र्याकडून हे उत्तर मिळत नाही. माणसाची लस मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायची नसते. अनोळखी कुत्र्याने चावलेली मांजर वाचली, तर तिलाही लस देऊन पशुवैद्यक सांगतील तितके दिवस वेगळी ठेवावी. लागण झाली असेल तर मांजरीत ती कित्येक आठवड्यांनीही प्रकट होऊ शकते.

मांजर मेलीच असेल, तर जागा झाडून काढण्याआधी पाच मिनिटे नीट पाहावे. कुत्र्याने मारलेली मांजर बहुधा मारल्या जागीच पडलेली असते. केस लाळेने ओले आणि चिखलाने माखलेले असतात, पाठीवर नाहीतर छातीवर दाताच्या जोड्या दिसतात, आणि बहुतेक वेळा तिला खाल्लेले नसते. बिबट मांजर मारून टाकून जात नाही, उचलून नेतो. मागे राहिलेच तर चार केस आणि रक्ताचा ओघळ. मऊ मातीत ठसे उमटले असतील तर फरक स्पष्ट असतो. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात, तर बिबट नखे आत ओढून चालतो, म्हणून त्याच्या ठशात त्या दिसत नाहीत. असा बिननखांचा मोठा ठसा दिसला तर त्यावर टोपले पालथे घालून ठेवावे आणि वनरक्षकाला कळवावे. रात्री मुले अंगणात झोपणार असतील, तर ही माहिती मेलेल्या मांजरीपेक्षा फार मोठी असते. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर आणि ऊर्जानगर परिसराने वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गमावली आहेत.

कधी कुत्रा निर्दोष असतो. गाडीखाली आलेल्या किंवा विषाने मेलेल्या मांजरीजवळ तो नंतर पोचतो आणि लोक त्याला तिथे पाहतात. गाडीच्या धडकेत मांजर रस्त्यावर फरफटते, तेव्हा तिची नखे घासून चिरफाळतात. धानासाठी घातलेले उंदराचे विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजरीने खाल्ला, तर विष तिच्याही पोटात जाते. अंगावर दाताची खूण नसताना नाकातोंडातून रक्त आले असेल, तर आधी घरातल्या विषाच्या पुडीचा विचार करावा.

मेलेली मांजर गल्लीतलीच आहे याचीही खात्री करून घ्यावी, कारण गावातली कुत्री रानातही शिकार करतात. रानमांजर घरच्या मांजरीपेक्षा उंच पायांची, एकरंगी भुरकट असते. कानांच्या टोकांना काळ्या केसांचा छोटा झुबका असतो, शेपूट आखूड असते आणि तिच्या टोकाकडे काळी वलये असतात. वाघाटी त्याहून लहान, पूर्ण वाढूनही दीड किलोच्या आसपास, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. तिच्या करड्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात आणि डोळ्यांच्या आतल्या कडांपासून कपाळावर पांढरे पट्टे चढतात. लोक तिला घरच्या मांजरीचे पिल्लू समजतात. उदमांजर आणि कांडेचोर नावाने किंवा रूपाने जवळचे वाटले तरी मांजरकुळातले नाहीत. हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहेत. त्यांचे शव पुरू नये, कातडी किंवा नखे काढून ठेवू नयेत, ठेवणे हा गुन्हा आहे. शवापासून कुत्री दूर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या बीटाच्या वनरक्षकाला कळवावे. पंचनामा ते करतात.

घरच्या मांजरीची विल्हेवाट त्याच दिवशी लावावी. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून शव उचलावे. खड्डा निदान तीन फूट खोल, विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब असावा. शवावर चुना पसरून माती दाबावी आणि वर दगड किंवा काटेरी फांद्या ठेवाव्यात, नाहीतर तीच कुत्री रात्री ते उकरतात. लाळ आणि रक्त सांडलेली जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. शहरात हे काम महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या स्वच्छता विभागाकडे सोपवता येते. गावाबाहेर उकिरड्यावर शव फेकणे जंगलकाठी सर्वांत वाईट, कारण त्या वासाने रानडुकरे, तरस आणि बिबट वस्तीजवळ येतात. रेबीजची दाट शंका असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकाला विचारावे. मेंदूचा नमुना तपासायला पाठवायचा असल्यास शव बर्फात राखावे लागते आणि डोके शाबूत असावे लागते.

पुरण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून पाहावी, तिचे थान. ते फुगलेले असेल आणि भोवतालचे केस चोखून विरळ झालेले असतील, तर कुठेतरी पिल्ले उपाशी पडली आहेत. तणसाच्या ढिगात, गोठ्याच्या माळ्यावर, जळाऊ लाकडांच्या मागे शोधावे. संध्याकाळी शांतता झाली की त्यांचा आवाज येतो. डोळे न उघडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात. पिल्लांची दूधभुकटी मिळेपर्यंत शेळीचे दूध दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे, पिल्लाला पालथे धरून पाजावे. पाजल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली पुसावे लागते, कारण एवढ्या लहान वयात आई चाटल्याशिवाय ती लघवी करत नाहीत. गल्लीतल्या मांजरीच्या मृत्यूनंतर करता येण्याजोगे सर्वांत मोलाचे काम बहुधा हेच असते.

आता कुत्र्याचा धनी. कुत्रा पाळीव असेल तर आधी त्याचे डोळे तपासावेत. मांजरीचे नख बुबुळावर लागले असेल तर दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो. कुत्र्याला नंतर मेलेल्या मांजरीसमोर नेऊन झोडपण्याने काही साधत नाही. मार आणि झालेली गोष्ट यांचा संबंध त्याला लागत नाही, तो फक्त माणसाला भिऊ लागतो. मांजर मारणारा कुत्रा माणसांनाही चावेल असे नाही, मात्र तो दुसरी मांजर, कोंबडी, बकरीचे करडू धरील ही शक्यता खरी आहे. शिकार एकदा साधली की ओढ वाढते. त्यामुळे त्याला बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी लावणे ही धन्याची जबाबदारी ठरते.

'बांधून ठेवा' हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण या दोन जिल्ह्यांत तो अर्धवट आहे. रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता सापडतो, त्याला पळताही येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेवरून झालेल्या अभ्यासात त्यांच्या आहाराच्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आणि १२ टक्के मांजरींचा निघाला. अकोल्यातली शेती वेगळी, तरी वस्तीकाठच्या बिबट्याची भूक इथेही तीच आहे. म्हणून रात्री कुत्रा छप्पर आणि दार असलेल्या जागेत हवा. मांजरीलाही अंधार पडण्याआधी घरात खाऊ घालून आत ठेवण्याची सवय लावावी. ओट्यावर उरलेले भात-मासे टाकून कुत्री आणि मांजरी एका जागी जमवणे बंद केले, तरी निम्मी भांडणे टळतात.

भरपाईचा प्रश्न बोलून सुटतो तितका कागदाने सुटत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३२५ खाली प्राण्याला जाणूनबुजून मारणे किंवा निकामी करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कोणी मौजेखातर कुत्रा मांजरीवर सोडला तर हे कलम लागू शकते, कुत्रा आपणहून सुटला तर नाही. कलम २९१ पाळीव प्राण्याबाबत निष्काळजी राहणाऱ्या धन्याला लागू होते, पण माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल तेव्हा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड तर अजून १० ते ५० रुपयेच आहे. राहतो तो दिवाणी दावा, आणि एका मांजरीसाठी तो कोणी लढवत नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समितीसमोर किंवा पोलीस पाटलांसमोर बसून उपचाराचा खर्च आणि कुत्र्याला आवरण्याची हमी लिहून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. मांजर मारल्याचे पाप फेडायला सोन्याची मांजर दान करावी लागते, या समजुतीने धनी धास्तावलेला असतो. त्याच्या मनातली ही टोचणी खरी असेल, तर गल्लीतल्या उरलेल्या मांजरींच्या लसीचा आणि नसबंदीचा खर्च त्याने उचलावा, असे सुचवता येते.

कुत्रा बेवारस असेल तर जबाबदारी स्थानिक संस्थेकडे जाते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्यांना पकडून, नसबंदी आणि रेबीजची लस देऊन, कानाला खाच पाडून, पकडल्या जागी परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच कायम ठेवून पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतली कुत्री तिथे परत सोडायला मनाई केली. एक मांजर मारली म्हणून कुत्र्याला पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर किंवा जंगलात सोडणे नियमात बसत नाही. जंगलात तर ते घातकही आहे. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग रानातल्या मांसाहारी प्राण्यांना लागतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंहांचा जो बळी गेला, त्यात हाच विषाणू आढळला होता.

रागाच्या भरात कोंबडीच्या तुकड्यात कीटकनाशक मिसळून कुत्र्याला घालणारे लोक एवढेच पाहतात की कुत्रा मेला. तो मरतो सांदवाडीच्या मागे, आणि त्याचे मांस खाऊन तरस, कोल्हा, गिधाड किंवा बिबट मरतो. तसा बिबट सापडला तर प्रकरण गल्लीतल्या भांडणाचे राहत नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एक मधल्या प्राण्याच्या शिकारीचे होते, आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. विषाचा तुकडा शेजारच्या कोंबड्यांच्या आणि मुलांच्याही हाताशी पडलेला असतो.

नवी मांजर आणायची झाली तर थोडी वाट पाहून, कुत्रा आवरला गेल्यावर आणावी. कुत्र्याचे पिल्लू तीन ते बारा आठवड्यांच्या वयात मांजरीच्या सहवासात वाढले, तर त्या मांजरीला ते घरचे समजते. मोठ्या कुत्र्याशी ओळख करून देताना त्याला पट्ट्यात धरावे, मांजरीला उंचावर चढायला फळी किंवा माळा मोकळा ठेवावा, आणि सुरुवातीचे काही आठवडे दोघांना एकटे सोडू नये. घरच्या मांजरीशी गुण्यागोविंदाने राहणारा कुत्राही गल्लीतल्या परक्या मांजरीमागे धावतोच. नव्या मांजरीला रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी द्यावी, नसबंदी पाच-सहा महिन्यांत करून घ्यावी. नसबंदी झालेली मांजर घराजवळच राहते, कमी भटकते आणि त्यामुळे कुत्र्यांच्या तावडीतही कमी सापडते.